पहिलवानाचा दम आणि पाण्याचा घोट

मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट पाहून झाले की माणसांचा लोंढा कुस्तीच्या फडाकडे वळतो. तिथे एक दृश्य हमखास दिसते. दोन तरुण मल्ल सलामी देऊन भिडतात, पहिली दीड-दोन मिनिटे वीज चमकावी तशी कुस्ती होते आणि मग दोघांचेही हात गुडघ्यांवर येतात. छाती भात्यासारखी हलत असते, डाव सुचत असतो पण अंग साथ देत नाही. कडेला बसलेला एखादा म्हातारा पहिलवान म्हणतो, ‘पोरांत ताकद आहे, दम नाही.’

म्हाताऱ्याचे निदान बरोबर असते. ताकद आणि दम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगवेगळ्या कष्टाने येतात आणि एकाच चुकीने दोन्ही जातात. आज त्याविषयी लिहिण्याचे कारण म्हणजे हल्ली अनेक पालकांकडून येणारा एक प्रश्न. ‘मुलगा मोबाइलवर पिंजऱ्यातल्या मारामाऱ्या पाहतो आणि तसाच व्यायाम करायचा म्हणतो, करू द्यावा का?’ या पिंजऱ्यातल्या खेळाला मिक्स्ड मार्शल आर्ट्स, थोडक्यात एमएमए म्हणतात. बुक्की, लाथ आणि कुस्ती हे तिन्ही त्यात चालते. 2012 साली मुंबईत ‘सुपर फाइट लीग’ सुरू झाली, तेव्हापासून आपल्याकडेही त्याचे वेड पसरू लागले. नांदेड-लातूरकडचा मुलगा या खेळाकडे जातो तो बहुधा तालमीतूनच जातो. तेव्हा आधी तालमीचेच पाहू.

आपला भाग या बाबतीत दरिद्री नाही. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 साली लातूरच्याच मैदानात महाराष्ट्र केसरी झाले आणि पुढच्याच वर्षी एडिंबरो येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पुढे ते पुण्यात वस्ताद झाले. 2011 मध्ये ते गेले. त्यांच्या हाताखाली घडलेला बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे 2018 मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून आला. जानेवारी 2020 मध्ये महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरने लातूरच्या शैलेश शेळकेला हरवले. हे दोघेही लातूर जिल्ह्यातून गेलेल्या काका पवारांच्याच पुण्याच्या तालमीतले. म्हणजे इथल्या मातीत कस आहे. उणीव आहे ती मेहनतीचा हिशेब मांडण्यात.

जुन्या काळी मातीतली कुस्ती निकाल लागेपर्यंत चाले. अर्धा तास, कधी तासभर मल्ल एकमेकांना रेटत राहत. त्यासाठी हजार बैठका आणि पाचशे जोर ही मेहनत योग्यच होती. आज मॅटवरची लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये फक्त तीस सेकंदांची उसंत. पिंजऱ्यात पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, किताबाची लढत असेल तर पाच, आणि मध्ये एकेक मिनिट विश्रांती. खेळ बदलला, मेहनत मात्र आजोबांचीच राहिली. इथेच पोरांचा दम जातो.

आपल्या शरीरात शक्ती तयार करणाऱ्या तीन चुली आहेत असे समजा. पहिली कडब्याची. काडी लावताच भडका, पण आठ-दहा सेकंदांत राख. पट काढून समोरच्याला उचलून टाकायचे, ते या चुलीवर. दुसरी पऱ्हाट्यांची. जाळ जोराचा, टिकतो मिनिट-दीड मिनिट, पण धूर फार. हा धूर म्हणजे स्नायूंत साचणारी आम्लता. मांड्या जळजळतात, हात दगडासारखे होतात ते त्यामुळे. तिसरी गोवऱ्यांची. पेटायला वेळ लागतो, पण आर रात्रभर टिकतो. ही चूल प्राणवायूवर चालते व ती पहिल्या दोन चुलींना पुन्हा सरपण पुरवण्याचे काम करते. तीस सेकंदांच्या उसंतीत जो मल्ल ताजातवाना होऊन उठतो, त्याची गोवऱ्यांची चूल चांगली पेटलेली असते. माळेगावच्या फडातली ती दोन पोरे कडबा आणि पऱ्हाट्या दोन मिनिटांत जाळून बसली होती, एवढेच.

तेव्हा मेहनतीची सुरुवात गोवऱ्यांपासून करावी. स्पर्धेच्या चार-पाच महिने आधी आठवड्यातून तीन दिवस अर्धा ते पाऊण तास सावकाश पळावे. सावकाश म्हणजे शेजारच्याशी दोन वाक्ये बोलता येतील इतके. मुलांना हे कमीपणाचे वाटते, त्यांना सुसाट पळायचे असते. त्यांना सांगावे की हृदयाची एका ठोक्यात जास्त रक्त फेकण्याची ताकद याच पळण्याने वाढते.

त्याच काळात ताकदीचे काम दोन किंवा तीन दिवस. येथे एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. शंभरावी बैठक निघते ती ताकदीमुळे नव्हे, चिवटपणामुळे. ताकद वाढवायची तर वजन जास्त आणि संख्या कमी हवी. वाळूचे पोते छातीशी धरून पाच बैठका, दोन-तीन मिनिटे थांबायचे, पुन्हा पाच. असे चार-पाच वेळा. बस्स. पोते जमिनीवरून कसे उचलावे हे शिकायला पुण्या-मुंबईच्या जिममध्ये जाण्याची गरज नाही. मोंढ्यातल्या जुन्या हमालाकडे पाहावे. तो पोत्याला अंगाजवळ घेतो, कंबर सरळ ठेवतो आणि मांड्यांनी उठतो. कंबरेतून वाकून हिसका मारणारे पोर महिन्याभरात आमच्याकडे मणका दाखवायला येते. दोरी चढणे, मल्लखांब, गदा फिरवणे, फावड्याने हौदा उकरणे हे जुने प्रकार आजही उत्तम आहेत. पिंजऱ्यात लढणारे परदेशी खेळाडू हातोडा घेऊन टायरवर घाव घालतात, ते पाहून आपली मुले थक्क होतात. आखाड्याची माती उकरण्याहून त्यात निराळे काही नाही. फक्त मानेचा पूल पाळण्याचा व्यायाम नवशिक्याने लगेच करू नये. आधी जोडीदाराच्या हाताला डोक्याने चारी बाजूंनी हळूहळू रेटावे. महिना दोन महिने हेच पुरे.

स्पर्धा सहा आठवड्यांवर आली की मग पऱ्हाट्यांची चूल. जोडीदाराला खांद्यावर घेऊन चालणे, सपाट्या, दोरी असे काहीही तीस सेकंद जीव तोडून करायचे, तीस सेकंद चालायचे. असे सहा वेळा. पाच मिनिटे थांबून पुन्हा एक फेरी. पिंजऱ्याची तयारी असेल तर फेरी पाच मिनिटांची धरावी. हे आठवड्यातून दोनदाच. रोज केले तर दम वाढत नाही, उतरतो. कारण ताकद व्यायामात वाढत नसते, ती रात्री झोपेत वाढते. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुटी आणि रात्री आठ तास झोप हे मेहनतीचाच भाग म्हणून वहीत लिहावे. मोबाइल पाहत एक वाजेपर्यंत जागायचे आणि पाचला हौद्यात उतरायचे, ही मेहनत नव्हे.

आता धोक्याकडे वळतो. तालमीत नवे पोर आले की त्याची रग जिरवण्याची एक पद्धत आहे. पहिल्याच दिवशी पाचशे किंवा हजार बैठका. पोलीस भरतीच्या तयारीला लागलेली मुलेही एकमेकांच्या ईर्षेने हेच करतात. बहुतेकांच्या मांड्या चार दिवस दुखतात आणि विषय संपतो. पण काहींच्या बाबतीत स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटतात. त्यांतून बाहेर पडलेले द्रव्य रक्तात मिसळून मूत्रपिंडात जाते आणि तिथल्या गाळण्या तुंबवते. व्यायामाच्या एक-दोन दिवसांनी मांड्या टणक सुजतात, जिना उतरता येत नाही आणि लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा होतो. हा रंग दिसला तर घरगुती इलाज, मालीश, तेल काही नको. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रक्तातील सीपीके नावाची तपासणी केली की कळते. वेळेवर सलाईन मिळाले तर मुलगा ठणठणीत होतो. उशीर झाला तर डायलिसिसची पाळी येऊ शकते. दुखते म्हणून मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून घेऊ नयेत, त्या मूत्रपिंडावर आणखी भार टाकतात. उन्हाळ्यात, पाणी कमी प्यालेल्या अंगाला आणि नुकताच ताप येऊन गेलेल्या मुलाला हा धोका अधिक. नव्या मुलाने तीस-चाळीस बैठकांपासून सुरुवात करावी व आठवड्याला थोड्या थोड्या वाढवाव्यात. वस्तादांना नम्रपणे सांगणे आहे की रग जिरवायला पुढे वर्ष पडले आहे.

पाण्याचा विषय याहून गंभीर आहे. वजनी गटात बसण्यासाठी स्पर्धेआधी दोन दिवस मुले पाणी तोडतात. प्लास्टिकचा किंवा रेक्झिनचा सूट घालून उन्हात पळतात, तोंडात च्युइंगगम ठेवून थुंकत राहतात, जुलाबाच्या गोळ्या घेतात. लातूरकरांना पाण्याची किंमत कोणी सांगायला नको. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी या शहराने प्यायले आहे. त्याच शहरातला पोरगा भरला तांब्या समोर असताना तीन किलो वजन उतरवण्यासाठी तहानेला राहतो, हे पाहवत नाही.

हे वजन चरबीचे नसते. ते रक्तातले आणि स्नायूतले पाणी असते. साठ किलोच्या मुलाच्या अंगातून सव्वा लिटर पाणी गेले, म्हणजे वजनाच्या दोन टक्के, तरी दम कमी होऊ लागतो. तीन-चार किलो गेले की रक्त घट्ट होते, हृदय धडधडते, घाम येणे मंदावते आणि शरीर आतून तापत जाते. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, त्यात हे. 1997 साली अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्ती खेळणारे तीन तरुण महिन्याभराच्या अवधीत असेच दगावले. बंद गरम खोलीत रबरी सूट घालून ते वजन उतरवत होते. त्यानंतर तिथे असे सूट व वाफेच्या खोल्या यांवर बंदी आली. डिसेंबर 2015 मध्ये मनिला येथे यांग जियान बिंग हा अवघ्या एकवीस वर्षांचा चिनी एमएमए खेळाडू वजन उतरवतानाच कोसळला आणि गेला. त्यानंतर त्या संघटनेने शरीरात पुरेसे पाणी आहे की नाही याची लघवीवरून तपासणी सुरू केली.

आपल्या विनेश फोगटचे उदाहरण तर घराघरांत माहीत आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 6 ऑगस्ट 2024 ला तिने एका दिवसात तीन कुस्त्या जिंकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पन्नास किलोच्या गटात वजन शंभर ग्रॅम जास्त भरले आणि ती बाद झाली. रात्रभर घाम गाळला, केससुद्धा कापले, तरी ते शंभर ग्रॅम उतरले नाहीत आणि शेवटी तिलाच सलाईन लावावे लागले. सोबत डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ असलेल्या खेळाडूची ही अवस्था, तर तालुक्याच्या स्पर्धेला एकट्याने एसटीने जाणाऱ्या पोराची काय? शिवाय आता आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वजन त्याच दिवशी सकाळी होते. गमावलेले पाणी दोन-तीन तासांत भरून येत नाही. म्हणजे मुलगा गटात बसतो, पण मॅटवर उतरतो तो निम्म्या दमाचा.

वजन कमी करायचेच असेल तर दोन महिने आधीपासून आठवड्याला अर्धा किलो. साखर, तळलेले व बेकरीचे बंद करावे, पाणी नाही. वाढीच्या वयातील मुलाने तर वजन उतरवूच नये, वरच्या गटात लढावे. यावर वस्ताद म्हणतील, वरच्या गटात मार खाईल. खाऊ द्या. दोन वर्षांत तो त्या गटाचा होईल.

रोजच्या मेहनतीत पाणी किती प्यावे याचे सोपे माप असे. व्यायामाआधी व नंतर वजन करावे. जितके किलो कमी भरेल त्याच्या दीडपट लिटर पाणी पुढच्या काही तासांत थोडे थोडे प्यावे. सोबत मीठ घातलेले ताक किंवा लिंबू, मीठ, साखरेचे पाणी घ्यावे. नुसते पाणी घटाघटा पिऊन घामातले मीठ भरून निघत नाही. उन्हाळ्यात मेहनत उजाडण्यापूर्वीच उरकावी. घाम थांबला, चक्कर आली, मुलगा असंबद्ध बोलू लागला तर त्याला सावलीत आडवे करून अंगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच दवाखान्यात न्यावे. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

खुराकाबद्दल लोक फार विचारतात, म्हणून थोडा हिशेब देतो. मेहनत करणाऱ्या मुलाला वजनाच्या दर किलोमागे साधारण 1.6 ते 2 ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या मुलाला शंभर-एकशेवीस ग्रॅम झाली. दिवसभरात चार ज्वारीच्या भाकरी, दोन वाट्या घट्ट तुरीचे वरण, एक लिटर दूध, मूठ-दीड मूठ शेंगदाणे आणि पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांची भाजी, यात हा आकडा गाठला जातो. अंडी खाणाऱ्याला आणखी सोपे. लातूरच्या बाजारात सोयाबीनचे ढीग लागतात, ते सारे तेलाच्या गिरणीत जाते आणि त्याच गावातला मुलगा तीन-चार हजारांचा पावडरचा डबा आणतो. डबा विष नाही, पण गरजही नाही. सोयाबीन मात्र कच्चे खाऊ नये, शिजवूनच खावे. थंडाईतले बदाम चांगलेच, परवडत नसतील तर शेंगदाण्यांवर कोणाचे अडत नाही. आणि पहिलवानकी सोडल्यावर तुपाची वाटीही सोडावी. आखाडा सुटला आणि खुराक तसाच राहिला, म्हणून मधुमेह व हृदयविकार घेऊन बसलेले जुने मल्ल काही कमी नाहीत.

इंजेक्शनचे नाव काढल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. मेफेंटरमीन हे औषध शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाचा रक्तदाब घसरला तर तो वाढवण्यासाठी भूल देणारे डॉक्टर वापरतात. तेच आता व्यायामशाळांतून आणि तालमींतून मुलांच्या शिरेत जाऊ लागले आहे. राज्यात अनेक ठिकाणी पोलीस व अन्न-औषध प्रशासनाने त्यासाठी छापे घातले आहेत. याने दम वाढत नाही. थकवा जाणवणे बंद होते, एवढेच. घोड्याला थकल्याचे कळले नाही तर तो पडेपर्यंत पळतो. नाडी आणि रक्तदाब दोन्ही चढलेले असताना उन्हात मेहनत केली तर तरुण हृदयही बंद पडू शकते. स्टिरॉइडची तऱ्हा वेगळी. दंड फुगतात, पण वाढत्या मुलाची उंची खुंटते, अंडकोष आक्रसतात, यकृत बिघडते. एका सुईने अनेकांनी इंजेक्शन घेतले तर कावीळ आणि एड्सचे भय आहेच. मुलगा अचानक चिडका झाला, झोपेनासा झाला, पाठीवर पुटकुळ्या उठल्या, तर आईवडिलांनी त्याच्या पिशवीत पाहायला संकोचू नये.

आता पिंजऱ्याचा प्रश्न. एमएमएचा व्यायाम करायला हरकत नाही, वर सांगितलेला आराखडा त्यालाही लागू आहे. पण व्यायामाने मान, पोट, मांड्या मजबूत होतात, मेंदू होत नाही. डोक्याला बुक्की बसली की कवटीच्या आत मेंदू हिंदकळतो. असे वारंवार झाले तर वर्षांनंतर विसरभोळेपणा, चिडचिड, हातापायांना कंप असे परिणाम दिसू शकतात. माझे मत स्पष्ट आहे: अठरा वर्षांच्या आत डोक्यावर मार घेणारा सराव नको. कुस्ती, ज्युदो खुशाल शिकावे. मोठ्या मुलालाही सरावात डोक्याला मार लागून गरगरले, उलटी झाली किंवा क्षणभर शुद्ध गेली, तर त्या दिवशी त्याने पुन्हा उभे राहू नये आणि डॉक्टरांनी होय म्हटल्याखेरीज सरावाला जाऊ नये.

मुलींविषयीही पत्रे येतात आणि याचा आनंद वाटतो. मार्च 2023 मध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. तेव्हापासून आपल्याकडच्या मुलीही आता तालमीची वाट विचारू लागल्या आहेत. मेहनतीचा आराखडा त्यांना वेगळा नाही. मात्र मेहनत जास्त आणि खाणे कमी असे झाले की मुलीची पाळी बंद होते. घरात कोणाला ते सांगितले जात नाही, किंवा कुस्तीमुळे होतेच असे म्हणून सोडून दिले जाते. पाळी बंद म्हणजे हाडे ठिसूळ होण्याची सुरुवात, आणि साध्या पडण्याने हाड मोडलेली मुलगी वर्षभर मॅटबाहेर बसते. तीन महिने पाळी आली नाही तर आईने तिला डॉक्टरांकडे न्यावे. हिमोग्लोबिनही त्याच वेळी तपासून घ्यावे. ते नऊ-दहावर असलेल्या मुलीला कितीही पळवले तरी तिची गोवऱ्यांची चूल पेटत नाही, कारण प्राणवायू वाहून नेणारे रक्तच अंगात पुरेसे नसते.